पिवळ्या रेघा

गेल्या ऑगस्टमधल्या एका रविवारी गाडीच्या डाव्या दाराची काच अर्ध्यावर अडकली. साठ वर्षं जुन्या गाडीची काच अडकते, यात सांगण्यासारखं काही नाही. मी चहा संपवला, पोर्चमध्ये पाट घेऊन बसले आणि दाराचं आतलं पॅनेल काढायला घेतलं.

इंदूरला रामबागेत आमचं घर आहे. पुढे पोर्च, बाजूला पत्र्याचं गॅरेज, आणि गॅरेजमध्ये १९६४ सालची इंग्लिश टू-सीटर. कापडी टप, लांब नाक, बाटलीच्या काचेसारखा हिरवा रंग. माझ्या वडिलांनी, मालोजीराव जगदाळ्यांनी, ती १९८८ साली महूच्या एका रिटायर होणाऱ्या मेजरकडून बंद अवस्थेत घेतली. आबा रोडवेजच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत घोड्यावर होते म्हणे. माझ्या वाटणीला घोडा आला नाही आणि तलवारही आली नाही. नवव्या वर्षी दहा-अकराचा पाना हातात आला आणि तो मला पुरला.

मी पूर्वा. वय सेहेचाळीस, लग्न केलेलं नाही. सिमरोलच्या इंजिनिअरिंग कॅम्पसवर वर्कशॉप सांभाळते, मुलांना मायक्रोमीटर धरायला शिकवते. जे मोजून दाखवता येत नाही ते मी सहसा बोलत नाही. पुढचं वाचताना एवढं लक्षात असू द्या, कारण हे सांगताना मला फार बरं वाटतंय असं नाही.

ही गाडी सुरू होत नव्हती असं नाही. गॅरेजपासून फाटकापर्यंत आणि परत, एवढी ती महिन्यातून दोनदा तरी जायची. फाटकाबाहेर मात्र कधीच गेली नव्हती. त्याला कारण आबांचा नवस. गाडी पहिल्यांदा रस्त्यावर येईल ती दसऱ्याच्या सकाळी, मुलीच्या हाताने, आणि जाईल ती बड्या गणपतीच्या दर्शनाला. त्यानंतर मी मोकळी. हे त्यांनी मला २००३ साली सांगितलं, पुण्याच्या एका टेस्टिंग लॅबमधून मला नोकरीचं पत्र आलं तेव्हा. मी हसून हो म्हटलं. गाडी जवळजवळ तयार होती आणि दसरा सहा आठवड्यांवर होता.

आमच्या घरात दसऱ्याचं काम अष्टमीच्या संध्याकाळी संपतं. नवमी म्हणजे खंडेनवमी, त्या दिवशी हत्यारं विसावतात. पूर्वी तलवारी आणि भाले मांडत, आम्ही पाने, पकडी आणि हातोड्या मांडायचो. रॉकेलने धुवायच्या, लाल कापडावर ठेवायच्या, हळदकुंकू, प्रत्येकावर एक झेंडू, आणि वरून सगळ्यांना मिळून लाल नाड्याचे सात वेढे. दसऱ्याच्या पूजेपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. एकदा नवमीलाच न्हाणीघरातला नळ फुटला. आईने दिवसभर बादल्या लावल्या, पण आबांनी पाना उचलला नाही.

२००३ च्या दसऱ्याला नाडा सोडला, नारळ फोडला, मी चावी फिरवली आणि इंजिनाने दाद दिली नाही. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर तडकला होता. अष्टमीला मी तो स्वतः पाहून बसवला होता. नवा भाग मागवायला महिना लागणार होता. आबांनी बॉनेट हळूच खाली केलं, तोंडातली लवंग या गालातून त्या गालात नेली आणि म्हणाले, "गाडी अजून पूरी तयार नाही झाली, बेटा."

दसरा हुकला की वर्ष हुकलं. पुढच्या वर्षी मी रोटरचा जोड आणून ठेवला, तर कंडेन्सर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी कॉइलची वायर आतून तुटलेली निघाली. लॅबची जागा भरली गेली. मग प्रणव. तो माझ्याबरोबर शिकलेला, पुण्यात स्थिरावलेला. माझ्यासाठी तो दोन दसरे थांबला. तिसऱ्याच्या आधी त्याच्या लग्नाची पत्रिका आली. त्याला मी दोष देत नाही. वायरच्या एका तुकड्यासाठी थांब, असं मीच त्याला सांगितलं होतं.

शब्द मोडून निघून का गेले नाही, असं लोक विचारतात. समोर राहणारे लक्ष्मणभिया तर दरवर्षी नारळाचा तुकडा तोंडात टाकत विचारायचे, "क्यूं बेटा, यंदा तरी जाते का महारानी?" मी चिडायचे. पण खरं सांगायचं तर मला आबांचा नवस नव्हता मोडायचा. आम्ही दोघांनी मिळून उभी केलेली ती एकच गोष्ट होती. तिला अर्धवट टाकून जाणं म्हणजे त्यांना टाकून जाणं, असं मला वाटायचं. हे मला कुणी वाटायला लावलं, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही.

२०२४ च्या जानेवारीत आबा गेले. त्या वर्षी दसऱ्याला मी एकटीने गाडी तयार केली. ती सुरू झाली नाही. कार्बोरेटरमधली सुई झिजलेली होती. नवीन सुई मीच घातली होती, पण ते मी स्वतःच्या निष्काळजीपणावर लोटलं आणि गॅरेजमध्ये बसून रडले.

आणि मग गेल्या जुलैत पुण्याहून फोन आला. शोभनाताई म्हणून एक बाई आहेत. त्यांच्याकडे जुन्या गाड्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्या गाड्या दुरुस्त करायचं वर्कशॉप. कॅम्पसवर माझं काम पाहून गेल्या होत्या. वर्कशॉप तुम्ही चालवा म्हणाल्या, दसऱ्यानंतर या. मी आईला म्हटलं, तूही चल. आई म्हणाली, बघू. मी ठरवलं की या गाडीतूनच जायचं. म्हणून त्या रविवारी काच दुरुस्त करायला बसले.

पॅनेल निघालं. दाराच्या पोकळीत काचेखाली कागदाच्या पुड्या दाटून बसल्या होत्या. काच त्यांच्यावरच टेकली होती.

मी त्या एकेक काढून पोर्चच्या फरशीवर मांडल्या. वर्तमानपत्रात नीट बांधलेल्या, दोऱ्याची गाठ मारलेल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने लिहिलेलं. 'रोटर. २००३.' 'कंडेन्सर. २००४.' 'कॉइल वायर. २००५.' फोरमनचं अक्षर, ठसठशीत, शेपटीवाला 'र'. मी पहिली सोडली. आत रोटर होता, माझा रोटर, नवा कोरा, एकही तडा नसलेला. कागद त्या वर्षीच्या खंडेनवमीचा होता.

पुढच्या सगळ्या तशाच. चांगला भाग काढून घ्यायचा, त्या जागी बिघडलेला बसवायचा आणि चांगला भाग पॅनेलच्या वरच्या फटीतून दारात सोडून द्यायचा. एकवीस दसरे. फक्त पंधरा मिनिटांचं काम, आणि तेही ज्या दिवशी आमच्या घरात कुणी पाना उचलत नाही त्या दिवशी. वर्षभर मी सगळ्यांवर संशय घेतला असता, भाग विकणाऱ्यावर, उंदरांवर, हवेवर. नवमीवर घेतला नसता. मी जगदाळ्यांची मुलगी आहे, आबांना हे पक्कं ठाऊक होतं.

मी तिथेच बसून राहिले. माझ्या बापाने मला फसवलं, हे वाक्य मी मनात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. ते बसेना. पुड्या पुन्हा मोजल्या.

बावीस भरल्या. बाविसावीवर लिहिलं होतं, 'कार्बोरेटर सुई. २०२४.' मी आणलेली, मी घातलेली सुई आत होती, २०२४ च्या नवमीच्या कागदात. आबांना जाऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. अक्षर त्यांचंच होतं, शेपटीवाल्या 'र'सकट. दुसऱ्या कुणाचं असतं तर मला चाललं असतं.

आई स्वयंपाकघरात गिलकी चिरत होती. मी दोन पुड्या तिच्यासमोर ठेवल्या, पहिली आणि शेवटची. तिने पहिलीकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली. आश्चर्य तिच्या चेहऱ्यावर नव्हतंच. तेवढ्याने मला सगळं कळलं, पण मी तिला बोलू दिलं.

"नवमीला दुपारी तू झोपायचीस," आई म्हणाली. "वर्षात तेवढीच एक दुपार झोपायचीस. गॅरेजमध्ये अंधार असायचा. बॅटरी मी धरायची."

मी विचारलं, खंडेनवमीला त्यांनी हत्यार उचललं?

"ना ना. हत्याराला हात नाही लावला त्यांनी कधी. माझी ही सुरी घेऊन जायचे." तिने समोरच्या सुरीकडे बोट दाखवलं. "देवाला नाही फसवलं त्यांनी, पूर्वा."

"मला फसवलं ना?"

आईने चिरलेल्या फोडी ताटलीत एका बाजूला सारल्या. मग म्हणाली, "एक मुलगी आमची. तू गेली असतीस तर घरात होतं कोण? ते म्हणायचे, एक वर्ष अजून. दरवर्षी तेच म्हणायचे. मी पण म्हणायची, चलो, एक वर्ष."

मी दुसरी पुडी पुढे सरकवली. आईने ती उलटसुलट करून पाहिली. साल वाचलं. यावेळी मात्र तिचा चेहरा उतरला. तिने मला आपली बोटं दाखवली, संधिवाताने वाकडी झालेली. तिला लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत नाही, ते मी उघडून देते. "ये मी नाही केलं," ती म्हणाली. "तुझी शपथ."

तिचं हे मी खरं मानलं, कारण खोटं ती यापेक्षा सफाईने बोलते. बावीस वर्षं बोललीच होती.

त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतं बोलायचे. एकाच ताटात जेवलेल्या माणसांवर किती राग येऊ शकतो ते मला त्या दोन महिन्यांत कळलं. आबांच्या फोटोचा हार मी बदलला नाही. गाडी सोडून रेल्वेने निघून जाता आलं असतं, पण आता मला दसऱ्यालाच जायचं होतं. ज्या सकाळी मला इतक्या वेळा थांबवलं त्याच सकाळी, त्याच गाडीतून, बड्या गणपतीला नमस्कार करून पुण्याला. बाविसाव्या पुडीचा विचार आला की मी तो बाजूला सारायचे. मुलांना शिकवते तसं स्वतःला सांगितलं, कारण सापडत नसेल तर निदान पुढच्या वेळी मोजमाप चोख ठेव.

आमच्या धंद्यात त्यासाठी एक साधी युक्ती असते. नट घट्ट केला की नटावरून खालच्या धातूपर्यंत पिवळ्या पेंटची एक बारीक रेघ ओढायची. नट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटते, तिचे दोन तुकडे समोरासमोर येत नाहीत. पाहणाऱ्याला लांबूनही कळतं की इथे कुणीतरी हात घातलाय. एकदा वाळला की हा पेंट खरवडल्याशिवाय निघत नाही.

अष्टमीला मी गाडीवर अशा एकशे त्रेचाळीस रेघा ओढल्या. कार्बोरेटरचं झाकण, डिस्ट्रिब्युटरच्या क्लिपा, बॅटरीची टोकं, चाकांचे नट, दाराच्या पॅनेलचे सगळे स्क्रू. पॅनेलच्या वरची फट आतून नमद्याच्या जाड लोकरी पट्टीने बुजवली. यादी केली, प्रत्येकीसमोर खूण केली. मग हत्यारं धुतली, लाल कापडावर मांडली. त्यांच्या शेजारी घरातल्या सुऱ्या, कात्री, विळी, सांडशी आणि उलथनंही मांडलं. आईने विचारलं, उद्या भाजी दाताने तोडायची का? मी म्हटलं, उद्या केळी खाऊ. नवमीच्या पहाटे पूजा केली आणि सगळ्यांवरून सात वेढे घालून नाडा बांधला. पेंटच्या बाटलीचं झाकण आदल्या संध्याकाळीच घट्ट लावून ती गॅरेजच्या खिडकीत ठेवली होती. ती तिथेच होती.

नवमीला सकाळी सहापासून मी गॅरेजच्या दारात खुर्ची टाकून बसले. गाडी समोर, नाड्यात बांधलेली हत्यारं उजवीकडे, पाठीशी दाराची चौकट. ऊन चढलं. गल्लीच्या टोकाला देवीच्या मांडवात भोंगा वाजत होता, तो दुपारी बंद झाला. गाडी हलली नाही. तिच्या पत्र्याचा तापून होणारा टिकटिक आवाज ओळखीचा होता. मला त्याचंही काही वाटलं नाही.

दोनच्या सुमाराला लवंगेचा वास आला. आईने मसाला कुटला असेल म्हणून मी आत हाक मारली. ती झोपली होती.

तीन वाजता तिने चहा आणून दिला. फाटकाची सावली तेव्हा कंपाउंडच्या भिंतीपाशी होती. मी कप हातात घेतला, एक नजर गाडीवर टाकली आणि कप तोंडाला लावला.

चहा गार होता. वर जाड साय धरली होती. फाटकाची सावली माझ्या खुर्चीच्या पायापर्यंत आली होती.

घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. मी डुलकी लागली असं मानलं. रात्री नीट झोप झाली नव्हती, हेही खरं होतं. पण डुलकी लागलेल्या माणसाच्या हातातला कप कलतो. माझा कप काठोकाठ भरलेला होता.

मी उठून यादी घेतली आणि एकेक रेघ तपासली. एकशे त्रेचाळीस, सगळ्या सलग. नाड्याचे वेढे सात. सुऱ्यांवरचं कुंकू न विस्कटलेलं. झेंडू जागच्या जागी. मला हसू आलं. अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसले, मग गॅरेजला कुलूप लावून चावी उशाखाली घेऊन झोपले.

दसऱ्याच्या सकाळी पुन्हा यादी. सगळं शाबूत. नाडा सोडला, नारळ फोडला, आईला डाव्या सीटवर बसवलं. चावी फिरवली.

इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं.

लक्ष्मणभिया गच्चीतून बघत होते, त्यांनी नुसतेच हात जोडले. मी गाडी फाटकातून बाहेर काढली. फाटकाच्या पट्टीवरून मागची चाकं उतरली तो धक्का मला अजून आठवतो. इमली बाजारातून मल्हारगंजकडे निघालो. लोक वळून पाहत होते. एक पोहेवाला झारा हातात धरून उभा राहिला. मला रडू येत होतं आणि ते आनंदाचंच होतं. आई समोर पाहत होती, मांडीवर पिशवी घट्ट धरून. दोघींचं सामान घरी बांधून तयार होतं, आईची बॅगही मीच भरली होती. दर्शन घेऊन परत यायचं, बॅगा मागे टाकायच्या आणि अकराला निघायचं.

बड्या गणपतीला गर्दी होती. नमस्कार केला. पुजाऱ्याने नाडा बांधायला हात मागितला. मी उजवा हात पुढे केला आणि कुडत्याची बाही वर ओढली.

पुजारी थांबला. "दीदी, हाथ पे कुछ लगा है. पोंछ लो."

मनगटावर पिवळी रेघ होती, सकाळच्या घाईत माझ्या लक्षात न आलेली. हाताच्या पाठीवरून सुरू होऊन मनगटाच्या हाडावरून पुढे गेलेली. बारीक, सरळ, एका दमात ओढलेली.

मी अंगठ्याने पुसली. निघाली नाही. पूर्ण वाळलेली होती.

मग मी नीट पाहिलं. रेघ सलग नव्हती. हाडापाशी तिचे दोन तुकडे झाले होते, आणि ते समोरासमोर येत नव्हते.

दुखत नव्हतं. बोटं हलत होती. पुजाऱ्याने रेघेवरूनच नाडा बांधला आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं.

परतताना डाव्या दारात काहीतरी सरकत होतं. हलकं. वळणावर इकडे, खड्ड्यात तिकडे. आईच्या कोपराला लागूनच ते दार. तिने एकदाही खाली पाहिलं नाही.

पोर्चमध्ये इंजिन चालूच ठेवून मी पॅनेल उघडलं. स्क्रूंवरच्या रेघा तोपर्यंत सलग होत्या. नमदा जागेवर होता. आत एक पुडी होती, आदल्या दिवसाच्या वर्तमानपत्राची, दोऱ्याची तीच गाठ. वर पेन्सिलीने साल लिहिलं होतं, २०२५. भागाचं नाव असायचं तिथे काही नव्हतं.

खिडकीतली पेंटची बाटली मला तेव्हा आठवली. जाऊन पाहिलं तर झाकण उघडं होतं. ब्रश खिडकीच्या कडेला आडवा ठेवलेला होता. सुऱ्या आणि सांडशीसुद्धा बांधल्या, पण ब्रशला मी हत्यार धरलं नव्हतं.

फोन वाजला. शोभनाताई. निघालात का, कधीपर्यंत पोहोचाल, असं त्या आनंदाने विचारत होत्या. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"गाडी अजून पूरी तयार नाही झाली," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "पण मला तर तिचा आवाज ऐकू येतोय."

आवाज मलाही येत होता. इंजिन एकसारखं चालत होतं, कुठे खोट नव्हती. पुण्याला जायचंय हे मला माहीत होतं, बॅगा समोर होत्या, रस्ता पाठ होता. पण जावंसं वाटायचं ते आत नेमकं कुठे वाटायचं, ती जागा मला सापडेना. मी सगळीकडे शोधली. पुढच्या वर्षी नक्की, असं मी त्यांना सांगितलं.

आईने मांडीवरची पिशवी खाली ठेवली. "चहा टाकते," ती म्हणाली.

आता फेब्रुवारी संपत आलाय. पुडी माझ्या टेबलाच्या खणात आहे. मी ती उघडलेली नाही आणि उघडावीशीही वाटत नाही, याचीच मला भीती वाटते. राग मात्र आहे. आबांचा येतो, आईचा येतो, पूर्वीइतकाच येतो. फक्त तो आला म्हणून मी कुठे निघत नाही. महिन्यातून दोनदा गाडी फाटकापर्यंत नेते आणि परत आणते. उत्तम चालते.

रेघ गेलेली नाही. साबण, रॉकेल, थिनर, सगळं लावून झालं. दर रविवारी मी मायक्रोस्कोपबरोबर येते ती बारीक खुणांची मोजपट्टी लावून दोन तुकड्यांमधलं अंतर मोजते आणि वहीत लिहून ठेवते. दसऱ्याला ते दीड मिलिमीटर होतं. संक्रांतीपर्यंत दीडच राहिलं.

काल दोन भरलं.